कुलपातल्या पिसवा

डॉक्टर नसीमबाई दवाखान्यात आल्यात का, हे बघायला आमच्या गल्लीत कुणी घराबाहेर येत नसे. घरात बसूनच कळायचं. शटर वर जायच्या आत पहिली शिवी खाली आलेली असायची. "मुडदा बशिवला तुझा, कुत्रं आणलंस, त्याचं अंथरूण कुठाय?" मग तो कुत्रेवाला मान खाली घालून परत घरी जायचा आणि कुत्र्याच्या खालचं पोतं, फाटकी वाकळ, जे काय असेल ते घेऊन यायचा. विट्यातली पोरंसोरं आमच्या घराला 'गोधड्यांचा दवाखाना' म्हणायची ती यामुळं.

घर माझं. रस्त्याकडंची खोली मालक गेल्यावर रिकामी होती, ती मी बाईंना दिली. ढोरांचा दवाखाना घरात घेतला म्हणून जावा हसल्या. एक जाऊ तर म्हणाली, आता घरात म्हशीच बाळंत होतील बघा. म्हशी कुठल्या येतायत, म्हशीकडं बाई स्वतः जायच्या, गोठ्यात. खोलीत यायची ती कुत्री, मांजरं, एखादं कोकरू. बाई मूळच्या मिरजेच्या. बोलायला लागल्या की कोण म्हणणार नाही की कॉलेज करून आलेली बाई आहे. जनावराशी मात्र वेगळंच बोलायच्या, हळू, कानाशी लागून, त्यांच्या घरच्या हिंदीत, "क्या हुआ रे मेरे राजा, कौन सताया तेरे को." आणि तोच राजा सोडून मान वर केली की राजाच्या मालकाला, "बघतोस काय टकामका, धर त्याचं तोंड."

मी एकदा विचारलं होतं, डॉक्टर, लग्न का केलं न्हाईसा? तर म्हणाल्या, "काकू, तुमी केलंत की. काय दिवे लागले?" पुन्हा नाही विचारलं.

त्यांचा खरा वैरी पिसू. गोचीड, खरूज, जंत या सगळ्यांशी त्या नुसत्या भांडायच्या, पण पिसूशी त्यांचं भावकीसारखं वैर होतं. आपल्याकडं लोकांना पिसू आणि गोचीड एकच वाटतं. जनावराच्या अंगावर काही वळवळलं की म्हणायचं गोचीड, आणि म्हशीचं औषध आणून ओतायचं. बाईंना याचा जो संताप यायचा तो विचारू नका. गोचीड चिकटून बसते, फुगते, हाताला लागते. पिसू हाताला लागेल तर शपथ. केसांतून पळते, उडी मारते, दिसली म्हणेपर्यंत गायब. "कुत्र्यावर दिसती ती पाहुणी हाय," असं बाई म्हणायच्या. "घरची माणसं घरातच हायत. तुझ्या फरशीच्या फटीत, तुझ्या सतरंजीत, तुझ्या कॉटखाली."

लोकांना पटायचं नाही. मग त्या कुत्र्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवायच्या. फणीत काळी काळी कणी निघायची. लोक म्हणायचे, माती हाय. बाई ओल्या कापसावर ती कणी ठेवायच्या आणि गप उभ्या राहायच्या. कापूस हळूहळू लाल व्हायचा.

"माती लाल हुती व्हय रं? रगात हाय ते. तुझ्याच कुत्र्याचं. पिसू पिती आन तिथंच हागती. ते खाली सांडतंय, आन तिची पोरं तेच खाऊन मोठी हुत्यात. बाळंतपणाचा सगळा खर्च तुझ्या कुत्र्याकडं हाय बघ."

हे ऐकून हसणारे असायचे, पण घरी जाऊन झाडू मारणारेही असायचे. मी तर इतक्यांदा ऐकलं की मला पिसूची सगळी कुळकथा पाठ झाली. अंडं असतं मिठाच्या कणासारखं, कोरडं, चिकटत नाही. कुत्र्यानं अंग झाडलं की सांडलं. त्यातनं अळी निघते केसासारखी, तिला उजेड सोसत नाही, ती फटीत जाते. फटीत ती स्वतःभोवती कोष विणते आणि त्याला वरून घरातलीच धूळ चिकटवून घेते, म्हणजे तुम्ही डोळे लावून बघितलं तरी धूळच दिसावी. आत पिसू तयार होते. पण तयार झाली म्हणून बाहेर येईल तर ती पिसू कसली. ती बसून राहते. कुणी येईपर्यंत महिनोन्महिने बसते. पायाचा दणका लागला, अंगाची ऊब लागली, की एका झटक्यात बाहेर आणि उडी. औषध मारा, धूर करा, त्या कोषाला काही होत नाही. बाई म्हणायच्या, "देवानं एवढी अक्कल माणसाला दिली आसती तर मला हितं बसायचं काम नव्हतं."

मागच्या गल्लीतली एक सून एकदा मांजराचं पिलू पिशवीत घालून आली. पिलू मान टाकून पडलेलं. सून म्हणाली, दृष्ट लागलीय, दोनदा काढली तरी उतरंना. बाईंनी पिलाचं तोंड उघडून हिरड्या बघितल्या. कागदासारख्या पांढऱ्या. मी जवळच उभी होते, मलाही दिसलं.

"दृष्ट न्हाई लागली, पिसू लागली," बाई म्हणाल्या. "सगळं रगात पिऊन टाकलंय ह्याचं. मीठ-मोहऱ्या उतरत बसलीस, त्यापरास पिसवा उतरायच्या हुत्यास."

एवढ्या बारक्या जिवाला औषध सोसत नाही. म्हणून बाई फणी घेऊन बसल्या. एकेक पिसू काढायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची आणि प्रत्येकीला वेगळी शिवी. शेजारून जाणाऱ्या बायका थांबून ऐकायच्या, कुणाला चाललंय म्हणून. जेवणाची वेळ टळून गेली तरी उठल्या नाहीत. ते पिलू जगलं. आता एवढं माजलंय की कुणाच्या ओट्यावरचं दूध म्हणून ठेवत नाही.

पण मला सांगायचंय ते हवालदाराचं.

हवालदार म्हणजे कुत्रं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठा बंगला आहे, संपतशेठचा. आमच्या भागातली पुष्कळ माणसं सोनं गाळायच्या धंद्यात लांब लांब आहेत, तसे शेठ तिकडं तमिळ मुलखात. इथं बंगला बांधला, खांबांना संगमरवर लावला, आणि कुलूप घातलं. दसऱ्याला येणार, थोडे दिवस राहणार, परत कुलूप. राखण करायला किसनतात्या. बायको गेलेली, मूलबाळ नाही. झाडांना पाणी घालायचं आणि बाहेर व्हरांड्यात झोपायचं. घरात पाय ठेवायचा नाही, कारण किल्ली शेठ बरोबर घेऊन जायचे. राखणदारावर बंगला सोपवायचा, पण किल्ली नाही, असा एकूण विश्वास. तात्यांपाशी हे कुत्रं होतं, गावठीच, तांबूस. फाटकापाशी असं ताठ बसायचं की सगळे त्याला हवालदार म्हणायला लागले. तात्या भाकरी खाताना चतकोर त्याला, आणि दिवसभराचं सगळं बोलणं त्याच्याशी. दुसरं कोण होतं?

एका पावसाळ्यात हवालदाराच्या शेपटीच्या वर केस जाऊन लालभडक झालं. चावून चावून त्यानंच सोलून काढलेलं. तात्यांनी त्याला दवाखान्यात आणलं, आणि बरोबर न सांगता पोतं पण आणलं. म्हणून बाई खूश. म्हणाल्या, गावात एक तरी शहाणा निघाला. पिसूच्या थुंकीचंच वावडं असतं काही कुत्र्यांना, थोड्या चावल्या तरी अंग पेटल्यासारखं होतं, तसं हे होतं. औषध दिलं, पोतं उकळायला सांगितलं, व्हरांडा धुवायला सांगितला. जरा बरं झालं, पुन्हा तेच. मग बाई स्वतः बघायला गेल्या आणि त्यांना दिसलं की बंगल्याच्या न्हाणीघराच्या खिडकीची काच फुटलीय आणि तिथनं एक मांजर आतबाहेर करतंय. आत व्यालेलं होतं ते. तात्यांना पिलांचा आवाज यायचा.

"आत कारखाना लागलाय," बाई म्हणाल्या. "फोन लावा शेठला. किल्ली पाठवा म्हणावं. घर आत्ता झाडलं तर ठीक, न्हाईतर दसऱ्याला पिसवाच शेठची आरती करतील."

तात्यांनी फोन लावला. माझ्या समोर लावला. शेठ म्हणाले, दसऱ्याला येतोच आहे, तोवर कुलूप काढायचं नाही. मग बाईंनी फोन घेतला आणि सांगायला लागल्या, तर शेठ म्हणाले, डॉक्टर, तुमी कुत्र्याचं बघा, घराचं आम्ही बघतो. आणि ठेवला. बाईंनी तात्यांचा फोन तात्यांच्या हातात दिला आणि एक शिवीसुद्धा दिली नाही. बाई शिवी देत नाहीत म्हणजे गोष्ट हाताबाहेर चाललीय, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पावसाळा सरता मांजर पिलं घेऊन गेलं. खिडकीला तात्यांनी पत्रा ठोकला. हवालदाराच्या पाठीवर नवे केस यायला लागले.

दसऱ्याच्या आधी शेठची गाडी आली. शेठ, वहिनी, नातवंडं, आणि एक पांढरं झिपरं कुत्रं, कुकी नावाचं, वहिनींच्या काखेत. कुलूप निघालं, सगळी चपला काढून आत गेली, आणि थोड्याच वेळात ओरडत बाहेर. मी फाटकापाशीच होते, पाहुणे आलेत म्हणून बघायला गेलेली. पोरांच्या पोटऱ्यांना काळे ठिपके, टाचेपासून वर चढलेले. वहिनी साडी वर धरून नाचतायत. हसू नये, पण मला जरा आलं. मग शेठनी हवालदाराकडं बोट केलं आणि माझं हसू गेलं.

तात्यांना शेठ म्हणाले, तुमच्या ह्या कुत्र्यानं घाण केली सगळ्या घरात. संध्याकाळपर्यंत ह्याचा बंदोबस्त करा, न्हाईतर तुमी तुमचं बघा. मग शेठनीच आपल्या भावाच्या गोठ्यातनं म्हशीच्या गोचिडाचं औषध मागवून बाटली तात्यांच्या हातात दिली. त्या औषधाचं टोपणभर बादलीभर पाण्यात घालायचं असतं, आणि तेही म्हशीच्या कातड्यासाठी. तात्यांना ते सांगितलं कुणी? आणि सांगितलं असतं तरी तो माणूस त्या वेळेला ऐकत होता का? शेठ डोक्यावर उभे. लवकर व्हावं, साफ व्हावं, आणि कुत्रं राहावं, एवढंच तात्यांच्या मनात. त्यांनी बाटली तशीच हवालदाराच्या पाठीवर ओतली. त्या आत्ताशी भरत आलेल्या सोललेल्या जागेवर.

हवालदाराला खांद्यावर टाकून तात्या पळत आले. कुत्र्याचं सगळं अंग थरथरत होतं, तोंडाला फेस. बाईंनी माझ्या मोरीत त्याला भांड्याच्या साबणानं धुतलं, पुन्हा धुतलं, सुया दिल्या, सलाईन लावलं. तात्या भिंतीला टेकून एकच म्हणत होते, "मीच मारलं त्याला. ह्या हातानं." बाई मांडीवर त्याचं डोकं घेऊन बसल्या होत्या आणि त्याच्याशी त्यांच्या त्या हळू आवाजात बोलत होत्या. ऊन उतरायच्या आत हवालदार गेला.

त्या दिवशी गल्लीत बाईंचा आवाज आला नाही. लोक विचारायला आले, डॉक्टर गावाला गेल्यात का म्हणून.

त्या तात्यांना एवढंच म्हणाल्या, "तुमी भ्यालात, तात्या. भेवून हात चुकला. भेव कुणी घातलं ते मी बघून येते." आणि तशाच ओल्या कपड्यांनी निघाल्या. मी मागं. शेठ अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पाय बादलीत. घरात जायची कुणाची छाती नव्हती.

बाईंनी नमस्कार नाही, काही नाही. विचारलं, "हे घर कवा उघडलं?"

शेठ म्हणाले, आज सकाळी.

"त्याआधी किल्ली कुणाकडं हुती?"

"माझ्याकडंच की. का?"

"मग कुत्र्यानं कुठली किल्ली लावली?"

बाई आत गेल्या, दिवाणखान्यातल्या गालिच्यावरची धूळ ओल्या पांढऱ्या टॉवेलात गोळा करून आणली आणि त्यांच्यासमोर धरली. टॉवेलावर लाल लाल ठिपके उठत होते. सगळं सांगितलं त्यांनी, मांजराचं, कोषाचं, किल्ली मागितली होती त्याचं. ओरडून नाही सांगितलं. मला तर वाटत होतं ओरडाव्यात. गल्ली गोळा करावी.

आणि शेठ काय म्हणाले असतील? म्हणाले, "बाई, एका गावठी कुत्र्यापायी एवढं? दुसरं घिऊन देतो तात्याला. चांगलं जातिवंत."

माणूस जन्मभर सोनं गाळतो. कस कशाला म्हणतात, हे त्याला कळू नये?

बाई म्हणाल्या, "कुत्रं नगो. तुमी उठा, तात्याकडं चला, आन एवढंच सांगा की पिसवा माझ्या हुत्या. तुझ्या कुत्र्याच्या न्हवत्या. तो माणूस तिथं सोताचा हात बघत बसलाय."

शेठ हसले. उठले नाहीत. दसरा झाला, ते बहिणीकडं उतरले, मग घराला तसंच कुलूप घालून गेले, पण तात्यांना ते वाक्य त्यांनी सांगितलं नाही ते नाहीच.

जायच्या आधी वहिनी मात्र दवाखान्यात आल्या, कुकीला घेऊन. त्या कुकीच्या पोटाला पुरळ, आणि झोप नाही. मला वाटलं आता बाई शटर खाली ओढतील. मी असते तर ओढलं असतं, वर कडी घातली असती. बाईंनी कुकीला टेबलावर घेतलं आणि "क्या हुआ रे मेरे राजा" सुरू. वहिनींना मात्र असं झाडलं की त्यांचं पदर सावरणंसुद्धा राहून गेलं. अंग चावताना पिसू गिळली की पोटात जंत होतात, त्याचंही औषध दिलं. त्या गेल्यावर मी भांडले बाईंशी. लाज वाटत न्हाई का म्हटलं, हवालदाराला धुतलेली मोरी अजून वाळली न्हाई. त्या माझ्यावरच उखडल्या. "काकू, त्यानं मालक निवडलाय का? हवालदारानं तरी निवडला हुता का शेठ?" चार दिवस आम्ही बोललो नाही. राग माझा अजून पुरता गेलेला नाही, पण आता तो नक्की कुणावर आहे हे मला सांगता येत नाही.

तात्यांनी दुसरं कुत्रं पाळलं नाही. मुकाट राखण करायचे. बाईंनी त्यांना कितीदा समजावलं, त्या कोषांचं, किल्लीचं. तात्या ऐकून घ्यायचे, व्हय म्हणायचे आणि स्वतःच्या हाताकडं बघायचे. डॉक्टरीण सांगत होती, पण ज्यानं आळ घातला तो माणूस सांगत नव्हता, आणि तात्यांच्या लेखी तेच खरं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधी शेठचा फोन आला. कुकी येणार म्हणून वहिनींनी हट्ट धरलेला, घर आधी साफ पाहिजे. किल्ली भावाकडं पाठवली होती. आणि तात्यांना वर तंबी, यंदा एक जरी पिसू निघाली तरी तुमचं काम संपलं. कुत्रं नाही, तर आता माणूस. बाईंचं तेव्हा मिरजेला जायचं ठरलं होतं, भाचीकडं. गुडघे संपले होते त्यांचे. खोलीतलं सामान बांधून झालं होतं, टेम्पो उद्या येणार. त्यांनी ही तंबी ऐकली आणि बांधलेल्या सामानातनं फवाऱ्याचा पंप परत सोडून काढला.

माणसं लावून त्यांनी बंगला झाडून घेतला, गालिचे उन्हात टाकायला लावले, फटीफटीत औषध मारलं. पण कोषाला औषध लागत नाही, हे तर त्यांनीच मला शिकवलं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्याला थांबवून ठेवून त्या पुन्हा तिथं गेल्या. टेम्पोवाला कटकट करायला लागला म्हणून मी बघायला गेले. तात्या व्हरांड्यात उभे होते, आत जात नव्हते. मी खिडकीतनं बघितलं.

रिकाम्या दिवाणखान्यात बाई एकट्या पाय आपटत फिरत होत्या. सलवार पांढऱ्या पायमोज्यांत खोचलेली, ओढणी कमरेला बांधलेली, एका हातानं भिंत धरलेली. धाड धाड. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. कोषातल्यांना वाटावं की माणूस आलं, बाहेर यावं, आणि औषधाच्या फरशीवर पडावं. गुडघा दुखला की थांबायच्या, शिवी द्यायच्या, पुन्हा सुरू. "उठा की गं भवान्यांनो. आला तुमचा पाहुणा. उठा." घामानं तोंड लाल झालेलं. मला वाटलं, त्या दिवशी अंगणात जे ओरडल्या नाहीत ते सगळं आता पायातनं बाहेर पडतंय.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. शेठ. घर झालं का म्हणून विचारत होते. फोन मोठ्या आवाजावर असायचा तात्यांचा, ऐकू कमी येतं म्हणून. आतला दणदणाट तिकडंही गेला असणार, कारण शेठनी विचारलं, "कसला आवाज हाय ओ, तात्या? काय मोडताय घरात?"

तात्या त्या माणसाला जी, व्हय, बरं, याच्यापलीकडं कधी काही बोललेले मी ऐकले नव्हते. त्यांनी खिडकीकडं बघितलं. बाई आत थांबल्या होत्या, दम खात.

"काय न्हाई, शेठ," तात्या म्हणाले. "डॉक्टरबाई हायत. तुमच्या पिसवा उठवत्यात."

तात्यांनी फोन खिशात घातला, चपला काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि आत गेले. बाईंनी भिंत सोडली, त्यांचा खांदा धरला. मी घरी येऊन टेम्पोवाल्याला चहा टाकला, म्हटलं बस बाबा, अजून वेळ लागेल.